डावीकडचं बटण

१

त्या वर्षी गोंदियात जो तो रिमोटच्या मागे लागला होता. राइस मिलवाल्या शेटला रायपूरच्या घरी बसून मिलचा हिशेब बघायचा असायचा, बिडी कारखान्याच्या मॅनेजरला नागपूरहून किती माल निघाला ते पाहायचं असायचं. आपण इथे बसायचं आणि दूरच्या गावातला कॉम्प्युटर चालवायचा, जसं काही आपणच तिथल्या खुर्चीत बसलोय. लागला की सगळे खूश. नाही लागला की ओमेश्वर रहांगडालेच्या नावाने शंख.

ओमेश्वरचं दुरुस्तीचं दुकान बाजारात एका जिन्याखाली होतं. तो आमगावकडचा, पण गिऱ्हाइकांशी हिंदीतच बोलायचा, आणि त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "फायरवॉल देखो सेठ. नया अँटिव्हायरस डाला क्या? डाला ना? तो उसीने रोका होगा." फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरचा राखणदार. बाहेरून कोणी आलं की तो अडवतो आणि ओळख विचारतो. राखणदार नवा असला की घरच्या माणसालाही आत सोडत नाही, बाकी भानगड काही नसते. त्याला घरची माणसं दाखवून दिली की काम झालं.

त्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा त्याचे दोन्ही हात एका प्रिंटरच्या पोटात होते. त्याने फोन खांद्याने कानाशी दाबला.

"रिमोट नाई लागून राहिला, बेटा," बाईमाणसाचा आवाज आला.

"फायरवॉल असेल. कोण लावतंय? कुठून?" त्याने सवयीने विचारलं.

"कोन म्हंजे? धर्मू. पुन्यावरून."

ओमेश्वरचे हात प्रिंटरमध्येच राहिले. आवाज आता त्याने ओळखला. अर्जुनी मोरगावजवळच्या खेड्यातल्या पुष्पाबाई कापगते, त्याच्या मित्राची, धर्मेंद्रची आई. आणि धर्मेंद्रला गेल्या आश्विनात ओमेश्वरने स्वतः खांदा दिला होता.

"काकू," तो कसाबसा म्हणाला, "मी उद्या येतो."

"ये. उपाशी नको येजो," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

२

सकाळच्या बल्लारशा पॅसेंजरमध्ये त्याला खिडकी मिळाली. सौंदडनंतर जंगल जवळ आलं. मोह पानं टाकून फुलायला लागला होता, आणि दरवर्षी ह्या दिवसांत धर्मेंद्र त्याला हटकून गावी ओढून न्यायचा, ते त्याला आठवत राहिलं.

दोघं गोंदियाला एका खोलीत राहून कॉम्प्युटर शिकले. ओमेश्वरने दुकान टाकलं, धर्मेंद्र नोकरीला पुण्याला गेला. पहिल्या पगारातून त्याने गावच्या घरी कॉम्प्युटर घेतला तेव्हा ओमेश्वरने कपाळाला हात लावला होता. आई अंगठा उठवणारी, बाप शेतकरी, कॉम्प्युटर चालवणार कोण? "मीच चालवीन," धर्मेंद्र म्हणाला होता. "इथून." आणि त्याने खरोखरच तसं केलं. टेलिफोनची लाइन, मोडेम, सगळं ओमेश्वरने जोडून दिलं. रोज दुपारच्या चहाच्या सुट्टीत धर्मेंद्र पुण्याहून आईच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा, पडद्यावर एखादा नवा फोटो लावायचा आणि निघून जायचा. कधी त्याच्या खोलीची खिडकी, कधी ऑफिसातला डबा, कधी नुकतेच केस कापलेलं त्याचं स्वतःचं डोकं.

तो शिरला की इकडचा पडदा आपोआप कुलूपबंद व्हायचा. निळ्या पडद्यावर एक पिवळं बदक यायचं आणि त्याच्या शेजारी 'माय' असं इंग्रजीत नाव. बदक आलं म्हणजे धर्मू आला, एवढं पुष्पाबाईंना कळायचं. मग त्या थांबायच्या. त्याचं काम होईपर्यंत पडद्याला हात लावायच्या नाहीत, शेजारणीलाही बोलू द्यायच्या नाहीत. पुष्कळ वेळाने बदकावर टिचकी मारून एका बोटाने पासवर्ड दाबायच्या. पासवर्ड होता 'धर्मू', इंग्रजी अक्षरांत. जन्मात त्यांना लिहिता येणारा तो एकच शब्द होता.

धर्मेंद्र मेल्यावर लाइन तोडायची कोणाला आठवण राहिली नाही. ओमेश्वर गाडीत बसून स्वतःशी हिशोब जुळवत होता. पुण्यातल्या धर्मेंद्रच्या खोलीतली पोरं. त्यांच्याकडे पासवर्ड असणार, त्यातल्या एखाद्याने म्हातारीची कीव येऊन फोटो टाकले असतील. चांगल्या मनाची असतात पोरं, पण अक्कल नसते. त्याला एकदम बरं वाटलं. मग त्याला आठवलं की महिन्याभरापूर्वी धर्मेंद्रचे वडील, दुधराम काकाजी, हाच कॉम्प्युटर पोत्यात घालून बसने दुकानात घेऊन आले होते.

"सगळा साफ करून दे," ते म्हणाले होते. "आन् बाहेरून कोनी येनार नाई असं काईतरी लाव."

ओमेश्वरने सगळं पुसून नवं विंडोज टाकलं. नवी फायरवॉल टाकली. रिमोट आणि पासवर्ड मात्र धर्मेंद्रने ठेवला होता तसाच पुन्हा ठेवला, कारण तो काढायला त्याचा हात धजला नाही. "काकाजी, दार पक्कं बंद करू?" त्याने विचारलं होतं. दुधरामनी रिकाम्या पोत्याची घडी घातली. मग म्हणाले, "पक्कं नको. दर खेपेले विचारल असं कर."

म्हाताऱ्याचं डोकं, असं म्हणून तेव्हा त्याने ते सोडून दिलं होतं.

३

"वाळला किती तू," पुष्पाबाई त्याला बघताच म्हणाल्या. "बायको जेवू घालते का नाई?"

त्यांनी त्याला आधी भात आणि लाखोरीचं वरण वाढलं. पोरगा गेलेल्या घरात तो दबकत आला होता, पण बाई अगदी पूर्वीसारख्या बोलत होत्या, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. दुधराम शेतावर गेले होते.

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. खिडकीला लागून टेबल, मॉनिटरवर विणलेला रुमाल, शेजारी धर्मेंद्रचा हार घातलेला फोटो. खोलीत धानाच्या कोंड्याचा वास होता. मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"दिवारी झाली न, तवापासून येत होता," पुष्पाबाई पाटावर बसत म्हणाल्या. "पयले त्याची खोली दाखवली. मंग रेल्वेचा डबा. मंग आपलं टेसन. मंग पाळीवरचा मोह. मी म्हनलं, आला रे बाप्पा गावापर्यंत. मंग एकडाव नुसतं हिरवं हिरवं आलं, काई समजलं नाई. आन् मंग तू ते नवं लावलं, तवापासून बदकच नाई."

"काकू, ते कोणी दुसरं असेल. पुण्याची पोरं..."

"बेटा," त्या शांतपणे म्हणाल्या, "माह्या पोराले मी ओळखत नाई का? दुसरा कोनी कायले येईल?"

ओमेश्वर खुर्चीत बसला. समोर काम असलं की त्याचं मन ठिकाणावर यायचं. त्याने एकेक करून तपासलं. रिमोट चालू होता. खातं बरोबर होतं. धर्मेंद्रने ठरवलेलं दार, ज्याला कॉम्प्युटरवाले पोर्ट म्हणतात, ते उघडं होतं. म्हणजे अडवणारी फायरवॉलच. त्याने तिची नोंद उघडली आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

फायरवॉलने स्वतः होऊन काहीच अडवलं नव्हतं. ती विचारत होती. कोणीतरी आत येऊ बघतंय, सोडू की अडवू? आणि दरवेळी कोणीतरी ह्या खुर्चीत बसून 'अडवा'चं बटण दाबलं होतं. रोज, दुपारच्या चहाच्या वेळी.

"काकू, दुपारी तुम्ही कुठं असता?"

"गोठ्यात. धर्मूचे बाबा म्हनतात, तू जा, मी बसतो कॉम्पुटरपाशी, बदक आलं तं हाक मारतो."

अडवणारा कोण ते त्याला समजलं होतं. येणारा कोण ते राहिलं होतं. नवं विंडोज त्याने स्वतः टाकलं होतं. पुण्याच्या पोरांना नव्या जोडणीचा पत्ता त्याने दिला नव्हता, आणि त्याच्याशिवाय तो कोणापाशीच नव्हता. म्हणजे भटकं कोणीतरी. जगभर दारं ठोठावत फिरणारे चोर असतातच. त्याने खात्री करून घ्यायची ठरवली, आणि कुठलाही दुरुस्तीवाला करतो तेच केलं. मोडेममधून येणारी तार कॉम्प्युटरच्या मागून उपसून काढली, गुंडाळली आणि पिशवीत टाकली. कोपऱ्यात लाल फुली आली. आता हा कॉम्प्युटर म्हणजे नुसती पेटी. जगातला कोणी तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हता.

पुष्पाबाई ताट घेऊन आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. बाहेर उन्हात कोंबड्या उकरत होत्या. ओमेश्वरने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

पडद्यावर एक करडी चौकट उघडली. कोणीतरी ह्या कॉम्प्युटरशी जोडू बघत आहे. डावीकडे 'अलाऊ', उजवीकडे 'ब्लॉक'.

तांब्यातलं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं. त्याने खाली वाकून मागे बघितलं. तारेचं भोक रिकामं होतं. त्याने बोट घालून चाचपलं, जणू डोळ्यांवर त्याचा भरवसा राहिला नव्हता. मग त्याने स्वतःला समजावलं की आतलाच एखादा प्रोग्राम स्वतःच्याच दारावर टकटक करत असेल, असं होतं कधी कधी, त्याने कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते त्याला आठवेना. येणाऱ्याचा पत्ता लिहितात ती जागा कोरी होती. चौकट तशीच थांबून राहिली. घाई नव्हती तिला. कोणी दाराबाहेर हात बांधून उभं असावं तशी ती होती, आणि ओमेश्वरला एकाएकी भयंकर लाज वाटली, आपल्या माणसाला उन्हात उभं ठेवल्याची.

त्याने कुठलंच बटण दाबलं नाही. मॉनिटर बंद केला, पिशवी खांद्याला लावली आणि तो दुधरामना शोधायला निघाला.

४

कापगत्यांची बोडी घरापासून हाकेच्या अंतरावर होती. बोडी म्हणजे शेतापुरता छोटा तलाव. ती दुधरामच्या आज्याने खोदलेली. कापगते जातीने कोहळी, आणि ह्या लोकांच्या हातात पाणी अडवायची कलाच आहे. मातीची पाळ घालायची, पाळीच्या पोटातून दगडी नाळ काढायची आणि तिच्या तोंडाला पाण्याखाली बूच बसवायचं. ह्या सगळ्या रचनेला ते तुडुम म्हणतात. धान पोटरीत आलं आणि पाऊस रुसला की कोणीतरी बुडी मारून बूच काढतो आणि पाळीपलीकडे शेतात पाणी उतरतं. गेल्या आश्विनात ती बुडी सुट्टीवर आलेल्या धर्मेंद्रने मारली होती. त्याचा हात पाण्याच्या ओढीने नाळेत गेला आणि खांद्यापाशी अडकला. ओमेश्वरला, साऱ्या गावाला, एवढंच माहीत होतं.

दुधराम पाळीच्या खालच्या अंगाला, नाळेच्या शेताकडच्या तोंडापाशी बसले होते. नाळ कोरडी होती. त्यांनी ओमेश्वरकडे वळून पाहिलं आणि त्यांना समजलं.

"पायलं तू?"

"तार काढून टाकली काकाजी. तरी आलं."

"तारेनं कुठी येते ते," दुधराम म्हणाले.

ओमेश्वर त्यांच्याशेजारी बसला. "तुम्ही काऊन अडवता त्याला? काकू रोज वाट पाहून राहिली."

दुधराम मातीचं ढेकूळ हातात चुरत राहिले. बोलले तेव्हा नाळेकडे बघत बोलले.

"त्या दिवशी मी इथंच बसलो होतो. तो वर, मी खाली. बूच निंगालं, पानी आलं. धो धो आलं. मले आनंद झाला. आन् मंग थांबलं. मी म्हनलं, लाकूड अडकलं. नेहमी अडकते. बांबू असते इथं, तो मी नाळेत घातला, ढोसलं. काईतरी नरम लागलं."

ओमेश्वरने मान खाली घातली.

"मंग बांबू धरला कोनीतरी," दुधराम म्हणाले. "तिकडून. मले वाटलं वेल गुंतला. मी झटका देल्ला आन् सोडवून घेतला."

पाळीवर मोहाचं एक फूल टपकन पडलं. दुधरामच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडण्याच्या पार पलीकडे गेलेल्या माणसाचा तो चेहरा होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"हे कोनाले नाई सांगतलं. पुष्पीले तं नाईच. मंग ते फोटो याले लागले. तिले हिरवं दिसलं न, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात होती, आन् बदक आलं. मी उघडलं. सारा अंधार, आन् अंधारात एक उजेडाचं भोक. त्या भोकात मानूस वाकला होता, ओमू. त्याच्या हातात बांबू." त्यांनी नाळेत हात घातला आणि बाहेर काढला. "त्याचं तोंड तं वरतं होतं. हातच आत होता. मंग त्यानं मले पायलं कसं?"

वारा नाळेतून हळूच वाहिला आणि आत कुठंतरी बारीक आवाज झाला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"मी कॉम्पुटर पोत्यात घातला आन् तुह्यापाशी आनला. तू विचारलं, पक्कं बंद करू का. मले हो म्हनता नाई आलं रे. माह्या पोराच्या तोंडावर मी पक्कं दार लावू? म्हनून विचाराले लावलं. आन् रोज विचारते ते. रोज मीच उजवीकडचं दाबतो." त्यांचा आवाज फाटला. "आतून ढोसल्यावानी वाटते मले. रोज."

"काकू विचारेल मला," ओमेश्वर म्हणाला. "मी काय सांगू?"

"सांग, कॉम्पुटर मेला. तुह्या पाया पडतो. तिनं तो फोटो पायला तं तिचा पोरगाबी जाईल आन् नवराबी जाईल."

५

परत येईस्तोवर ओमेश्वरने खोटं बोलायची तयारी केली. गिऱ्हाइकांशी तो पोटासाठी रोज थोडंफार खोटं बोलायचाच. मदरबोर्ड गेला, असं सांगायचं, मशीन उचलायचं आणि गोंदियाला घेऊन जायचं. बाई चार दिवस रडेल आणि मग विसरेल. हे स्वतःशी म्हणताना त्याला कळत होतं की ती विसरणार नाही.

पण पुष्पाबाई खुर्चीत बसल्या होत्या. मॉनिटर त्यांनी चालू केला होता. करडी चौकट अजून तिथेच होती.

"हे काय आहे रे?" त्या म्हणाल्या. "एवढ्या दिवसांत कदी नाई पायलं."

दुधराम उंबऱ्याशी थबकले. ओमेश्वर त्यांच्या मागे होता.

"काकू, ते... खराबी आहे. मदरबोर्ड..."

"खराबी अशी थांबून राहते का?" पुष्पाबाईंनी पडद्यावरून नजर काढली नाही. "किती वेळची पाहून राहिली मी. जात नाई, हालत नाई. कोनी दारात उभं असल्यावानी." मग त्यांनी मान वळवली. "ओमू, तू पाळ घातली न ह्याच्यात? बाहेरचं आत येऊ नये म्हनून?"

"हो काकू."

"मंग तुडुम ठेवलंच असशील. पाळ घातली आन् तुडुम नाई, असं कोनी करते का? आपल्या घरात तं नाई करत." त्यांनी बोट उचललं. "दोन बटनं दिसून राहिली. उघडाचं कोनतं?"

बाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. उजवीकडचं म्हटलं असतं तर त्यांनी उजवीकडचं दाबलं असतं, चौकट मिटली असती, आणि काही आलं नसतं. एका शब्दाचं काम होतं. त्याने दुधरामकडे पाहिलं. म्हातारा दाराच्या चौकटीला धरून उभा होता. पुष्पाबाईंचं बोट दोन बटणांच्या मध्ये थांबलं होतं, जराशा उजव्या अंगाला.

"डावीकडचं," दुधराम म्हणाले.

ओमेश्वरला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"डावीकडचं दाब, पुष्पी. उजवीकडच्यानं बंद होते. मले ठाव आहे."

त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग माऊस सरकवून डावीकडचं बटण दाबलं.

चौकट मिटली. पडदा निळा झाला. पिवळं बदक आलं आणि त्याच्याशेजारी 'माय'.

कॉम्प्युटरचा पंखा घुं घुं करत होता. पेटीवरचा छोटा दिवा भराभर लुकलुकायला लागला, काम चालू असल्यासारखा. गोठ्यातून गाय हंबरली. ओमेश्वरने पिशवीवरून हात फिरवला. तारेचं वेटोळं आत होतं. त्याला खुर्चीच्या मागे कोणी उभं असल्यासारखं वाटत होतं, आणि बघायची छाती होत नव्हती. त्याला भीती वाटली, पण भीतीपेक्षा जास्त त्याला आठवण आली, गोंदियाच्या खोलीत दोघांत एक पंखा होता आणि धर्मेंद्र नेहमी तो ओमेश्वरच्या बाजूला वळवून झोपायचा, त्याची.

दिवा शांत झाला.

पुष्पाबाईंनी पदराने हात पुसले. बदकावर टिचकी मारली. एका बोटाने, शोधत शोधत, पोराचं नाव दाबलं.

सारा पडदा काळा होता. मधे उजेडाचं एक वाटोळं भोक. भोकाच्या कडांना शेवाळ, आणि भोकात एक माणूस वाकलेला. मागे ऊन असल्यामुळे तोंड नीट दिसत नव्हतं, पण मुंडासं ओळखू येत होतं. एक बांबू सरळ पुढे आलेला, आणि त्याच्या टोकाशी, फोटोच्या अगदी खालच्या कडेला, काहीतरी फिकट होतं. बोटं असतील. ओमेश्वरने ते एकदाच पाहिलं आणि नजर फिरवली.

पुष्पाबाई मात्र पुढे झुकल्या. त्यांनी पडद्यावर हात ठेवला.

"हे तं तुमी आहा," त्या म्हणाल्या.

दुधराम दारातच खाली बसले.

"तुमी होता त्याच्यासमोर," पुष्पाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मले वाटे एकटा गेला. अंधारात, एकटा. रात रात मले तेच दिसे. बाप होता समोर." त्यांनी बोटाने बांबू दाखवला. "हा काय आहे?"

"बांबू," दुधराम म्हणाले.

"तुमी देल्ला होता त्याले?"

दुधरामचे ओठ हलले, आवाज फुटायला वेळ लागला.

"हो. मीच घातला होता."

"धरला त्यानं?"

"धरला." दुधराम आता रडत होते, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. "धरला होता, पुष्पी. धरला होता न त्यानं, आन् मी..."

"राहू द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी पडद्यावरचा हात काढला नाही. "धरला होता न. झालं मंग. पुढचं नका सांगू मले."

६

त्यानंतर कोणी आलं नाही. निघण्याआधी ओमेश्वरने तार पुन्हा जोडून दिली, फायरवॉलचे सगळे नियम तपासले आणि दार उघडं असल्याची चारदा खात्री केली. आपण कोणासाठी खात्री करतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही. त्या पावसाळ्यात, कानावर आलं, दुधरामनी तुडुमाचं बूच कायमचं काढून टाकलं. बोडीत आता पाणी थांबत नाही. गावचे लोक त्यांना वेडा म्हणतात.

गोंदियात लोकांचे रिमोट अजून अडतात, आणि ओमेश्वर अजून ते सोडवतो. फक्त ती करडी चौकट उघडली की त्याचं बोट आधी थांबतं.

पुष्पाबाईंचा फोन अधूनमधून येतो, दुपारच्या चहाच्या सुमारास.

"बदक नाई आलं रे बेटा बरेच दिवसांत. उघडं आहे न?"

"उघडं आहे काकू."

"मी म्हनते यांले, आता नाई येत तो, उठा, शेतावर जा. आयकतच नाई. सारी दुपार कॉम्पुटरपाशी बसून राहतात. बोट तसंच ठेवून, डावीकडच्या बटनावर."